गोष्टीतला राक्षस कोण?

१९०० साली अमेरिकेत एल. फ्रँक बॉमची ‘ओझ’च्या जादूगाराची गोष्ट छापून आली. त्यातल्या पिवळ्या विटांच्या रस्त्यात सोनं आणि डोरोथीच्या पायताणांत चांदी, म्हणजे तिथला चलनाचा वाद दडलाय, असा अर्थ हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने लावला तो १९६४ मध्ये. बॉमच्या मनात ते होतं का, यावर अजून एकमत नाही.

नाशकात अर्थ लावायला इतका वेळ कुणाला लागला नाही. त्याच १९०० साली इथे मित्रमेळा ही क्रांतिकारक तरुणांची संघटना सुरू झाली. तिळभांडेश्वर गल्लीत राहणारे, पायांनी अधू असलेले आबा दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, पदं रचत आणि पोरं ती गणेशोत्सवात, शिवजयंतीला म्हणत. पात्रं घरोघरच्या गोष्टींतली: देव, दैत्य, अफजलखान. सभेवर बंदी घालता येते. दैत्य मारू नका, असं देवाला कोण सांगणार?

मित्रमेळ्यातल्या बाबाराव सावरकरांनी ही पदं ‘लघु अभिनव भारत माले’त छापली आणि १९०९ मध्ये त्यांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. उच्च न्यायालयात चंदावरकर आणि हीटन या न्यायमूर्तींनी ती कायम केली. देवांची नावं केवळ निमित्त आहेत, रोख चालू सरकारवर आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तेव्हाचे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन संस्कृतचे जाणकार. शाळामास्तरांकडून कोकण-गुजरातेतल्या भुताखेतांच्या समजुती, लोककथा त्यांनी लिहवून घेतल्या होत्या. त्यांच्यामागे त्या पुस्तकरूपात आल्या. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरेने बाबारावांच्या शिक्षेचा सूड म्हणून त्यांना गोळ्या घातल्या.

लगोलग १९१० मध्ये नाटककार खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर बंदी आली. नाटक १९०७ पासून उघडपणे चाललं होतं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही ठाऊक होतं. बंदी घालून सरकारने कीचकाची भूमिका स्वतःच पत्करली.

आज ‘कीचकवध’ वाचणाऱ्याला कर्झन तळटिपेत भेटतो. संहितेतला शब्दही बदललेला नाही, पण तिच्यातला रोख हेरणारा प्रेक्षक उरला नाही. म्हणून जुन्या गोष्टीत राजकारण शोधायचं तर लेखकाच्या मनात काय होतं, एवढंच विचारून भागत नाही. त्या वर्षी ऐकणाऱ्यांना उघड काय बोलता येत नव्हतं, हे आधी तपासावं लागतं.