सुई टोचल्यावर दट्ट्या मागे का ओढत नाहीत?

मुलांनो, सातवीत गेलात की टोरांटो पब्लिक हेल्थच्या नर्स शाळेत येऊन लस देतात : हेपटायटिस बी, एचपीव्ही आणि मेनिंजायटिसची. अनेकांच्या पोटात त्या दिवशी गोळा येतो. या नर्स सुई कशी टोचतात, यामागे बरेच संशोधन आहे, आणि त्यातले पुष्कळसे आपल्या टोरांटोतच झाले आहे.

पूर्वी नर्सना शिकवत, की सुई टोचल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येते का ते पाहावे, मग औषध सावकाश सोडावे. सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना, याची ही खात्री. पण दंडावर किंवा मांडीवर जिथे लस देतात तिथे मोठी रक्तवाहिनी नसतेच! डॉ. मोशे इप, ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ बाळांवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या. २००७ साली निष्कर्ष छापून आला. जुन्या पद्धतीला सुमारे ९ सेकंद लागत आणि शंभरातली ८२ बाळे रडत. दट्ट्या न ओढता झटकन टोचले, की एक सेकंदही लागत नसे आणि रडणारी ४३ च. आता कॅनडाच्या लसीकरण मार्गदर्शिकेतही दट्ट्या ओढू नये असेच सांगितले आहे.

टॅडिओबाई नर्स नव्हेत, औषधशास्त्राच्या प्राध्यापिका. पण शोध कागदावरून दंडापर्यंत नेण्याचे काम नर्सचे. दोन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यायची, मुलाला आडवे न पाडता बसवायचे, बाळाला आईने अंगावर पाजत असतानाच टोचायचे, हे सगळे २०१० च्या मार्गदर्शिकेत आले. बाळाला आधी साखरपाणी देण्याचाही उपाय त्यात आहे. (आजीबाई मध सुचवतील, वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र देऊ नये.)

पालकांसाठी एक गोष्ट. "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल," असे आपण सगळेच म्हणतो. नुसते "दुखत नाही" म्हटल्याने दुखणे कमी होत नाही, असे दिसून आले आहे. आमच्या मते त्याने पुढच्या वेळी मुलाचा विश्वासही कमी होतो. सुईची ही भीती काहींना मोठेपणीही डॉक्टरांपासून दूर ठेवते. त्यापेक्षा दंड बधिर करणारे मलम लावावे. ते औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण साधारण अर्धा ते एक तास आधी लावावे लागते. किती आधी, ते फार्मासिस्टला विचारा.

शाळेत लस देताना 'कार्ड' नावाची पद्धतही वापरतात : कम्फर्ट, आस्क, रिलॅक्स, डिस्ट्रॅक्ट. म्हणजे सैल बाहीचा शर्ट घाला, शंका विचारा, सावकाश श्वास घ्या, मैत्रिणीशी गप्पा मारा. कोणाला सुईकडे बघायचे असते, कोणाला नाही. तेही नर्सला सांगावे. आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी आधीच सांगावे, म्हणजे नर्स तुम्हाला आडवे झोपवून लस देतील.