कमानीवरचे नाव

नेमबाजीची जुनी साधने जमवणारे लोक जगभर आहेत. कुणी कमानी जमवतो, कुणी बाण, तर कुणी तिरंदाज अंगठ्यात घालत ती अंगठी. यातले खरे शौकीन वस्तू मिळाली म्हणून थांबत नाहीत. ती कोणाच्या हातात होती, हेही शोधतात. या शोधाचा एक मोठा धागा आपल्या इतिहासातून जातो, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवत आहोत.

तिरंदाजीला इस्लाममध्ये मान आहे. अस्लम कबिल्यातील लोक बाण मारण्याची चढाओढ करत असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उत्तेजन दिले, असे सहीह बुखारीत आले आहे. उस्मानी तिरंदाज तर हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना आपले पीर मानत.

इस्तंबूलमध्ये ओकमेदानी, म्हणजे बाणांचे मैदान, या कलेचे केंद्र होते. तिथे बाण कुणी विक्रमी अंतरावर टाकला की त्या जागी त्याच्या नावाचा दगड उभारत. पुढे शहर वाढले आणि यांतले बरेच दगड नाहीसे झाले. दगड गेला की नावही गेले.

नाव टिकले तर काय होते, याचे उदाहरण लंडनचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या तुर्की राजदूताचे सचिव महमूद एफेंदी यांनी तुर्की कमानीने 482 यार्ड, म्हणजे सुमारे 440 मीटर, बाण टाकला. इंग्रज तिरंदाज थक्क झाले. ती कमान त्यांच्या तिरंदाजी मंडळाने जपली. शतकानंतर सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज शौकिनाने तुर्की कमानींचा अभ्यास केला आणि 1905 मध्ये फ्रान्समध्ये तशाच कमानीने 367 यार्ड बाण टाकला. लाकूड, म्हशीचे शिंग, जनावराच्या नसा आणि सरस यांची ती करामत त्याने पुस्तकात लिहून ठेवली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पांढऱ्या यशबाची अशीच एक अंगठी आहे. तिच्यावर ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’ ही शहाजहान बादशहाची उपाधी कोरलेली असल्यामुळे मालक कोण, हा प्रश्नच उरत नाही.

जुन्या वस्तूवरचा मजकूर वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा. ‘अमल’ या शब्दापुढे येते ते कारागिराचे नाव. मालकाचे नाव ‘साहिब’ या शब्दाने ओळखावे. सन बहुधा हिजरी असते. 1255 दिसले तर ते इसवी 1839-40 समजावे. ज्या घरात उर्दू वाचता येते, त्या घराला हे काम अवघड नाही. पण ही लिपी वाचणारे घरात कमी होत आहेत, ही काळजीची गोष्ट आहे.

आपल्या माळ्यावरही अंगठी, खंजिराची मूठ किंवा एखाद्या सामन्यातले पदक पडलेले असेल. लिंबू-राख लावून ते घासू नका, अक्षरे झिजतात. भंगारवाल्याला देण्याआधी फोटो काढा. आजी-नानांना विचारा, ही वस्तू कोणाची, कोठून आली? उत्तर तारखेसह चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही माहीत असू द्या.

वस्तू ही अमानत आहे, तशी तिच्याबरोबरची माहितीही अमानतच. ती सांगणारे आज घरात आहेत, तोवर विचारून घेणे आपले काम आहे.