खाऱ्या वाऱ्यातलं पॅनेल

शापोरा नदीच्या काठी, शिवोलीच्या पैलतीरावर चोपडे. इथे हॉटेलचा मोठा एसी बसवताना खारी हवा विसरून चालत नाही. तांब्याच्या टोकावर हिरवा थर चढला की जोड तापतो, काँटॅक्टर करपतो. म्हणून कथिल चढवलेला लग घट्ट दाबून बसवावा, केबल पॅनेलच्या खालून ग्लँडमधून घ्यावी. वरून घेतली तर पावसाचं पाणी तिच्याच अंगावरून आत उतरतं.

कॉम्प्रेसर 415 व्होल्टच्या तीन फेजवर चालतो, कंट्रोल सर्किट बहुधा 230 किंवा 24 व्होल्टचं. त्यात प्रेशर कटआउट आणि ओव्हरलोड रिले सिरीजमध्ये असतात: एक उघडला की काँटॅक्टर सुटतो. पुन्हा चालू होण्याआधी साधारण 3 मिनिटं थांबवणारा टायमर कुणालाही काढू देऊ नका.