साडीच्या पदरावरचा खंड्या

मशीनवरचं भरतकाम म्हटलं की बहुतेकांना वाटतं, संगणकात चित्र घालायचं, बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत वाघ तयार! हा व्यवसाय सुरू केला तेव्हा माझीही अशीच समजूत होती. ओळखीच्या एका बाईंनी नारायणपेठी साडी आणून दिली आणि पदरावर खंड्या पक्षी हवा म्हणाल्या. मी तयार डिझाइन विकत आणलं, पदर फ्रेममध्ये ताणून बसवला आणि मशीन सुरू केलं. दीड तासानं फ्रेम काढली. पक्षी होता, पण त्याच्याभोवती चारी बाजूंनी चुण्या पडल्या होत्या आणि पक्षी हाताला पुठ्ठ्यासारखा लागत होता. साडीची किंमत भरून द्यावी लागली. ती साडी अजून माझ्या कपाटात आहे.

चूक कुठं झाली हे कळायला मशीनचं काम समजून घ्यायला हवं. आपल्या आई-मावश्या पायमशीनवर भरतकाम करायच्या, तेव्हा सुईजवळचा पाय काढून टाकायच्या आणि कापड ताणलेली रिंग हातानं सरकवायच्या. सुई नुसती वरखाली होते; चित्र उमटतं ते कापड सरकवण्यातून. संगणकाचं मशीनही हेच करतं. फक्त हातांच्या जागी मोटारी असतात. फ्रेम किती सरकवायची याचा हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या भागात ठेवलेला असतो. मशीनला दिलेल्या फाइलमध्ये खंड्याचं चित्र नसतंच. असते ती हजारो टाक्यांची यादी, आणि मध्ये मध्ये 'आता दोरा बदला' अशी सूचना.

ही यादी तयार करण्याला आपल्याकडे पंचिंग म्हणतात. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोबली यांनी शिफली मशीन बनवलं. शिफली म्हणजे छोटी नाव. त्यातला धोटा नावेच्या आकाराचा होता. पुढे ही मशीनं भोकं पाडलेल्या पट्ट्यांवर चालू लागली. पट्ट्या गेल्या, संगणक आले, पण भोकं पाडण्याचं नाव कामाला चिकटून राहिलं.

पंचिंग करणाऱ्याला पहिली अडचण येते ती कापडाच्या ओढीची. प्रत्येक टाका दोन टोकं एकमेकांकडे खेचतो. गोल डोळा भरा, तो टाक्याच्या दिशेनं आखडून लंबगोल होतो. म्हणून संगणकावर तो मुद्दाम थोडा रुंद काढावा लागतो. कापडाखाली पेपर लावतात आणि मुख्य भरणीआधी विरळ टाक्यांचा एक थर घालतात, तेही कापडानं जागा सोडू नये म्हणूनच. मी विकत घेतलेलं डिझाइन बहुधा जाड कापडासाठी केलेलं असावं. तलम पदराला ते झेपलं नाही.

आता खंड्याकडे वळू. डोकं चॉकलेटी, गळा आणि छाती पांढरी, चोच लाल आणि पाठ अशी निळी, की तो उडाला की क्षणभर डोळे दिपावेत. हा निळा रंग पिसात भिनलेला नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो, त्यातून तो दिसतो. तो दोऱ्यात कुठून आणणार? निळ्याच्या आठ छटा लावल्या तरी पाठ पाटीवर रंगवल्यासारखी सपाट दिसते. पण रेयॉनच्या दोऱ्याला चमक असते, आणि टाका ज्या दिशेनं आडवा पडतो त्याप्रमाणे ती बदलते. एकाच रिळातला निळा दोरा उभा टाकला तर गडद, तिरपा टाकला तर उजळ दिसतो. म्हणून पिसं शरीरावर जशी वळतात तसा टाका वळवत न्यायचा, कडेला लांब-आखूड टाके घ्यायचे. दोन-तीन रिळांत काम होतं, आणि साडी नेसून बाई चालू लागली की पाठ खरोखर चमकते.

क्रमही महत्त्वाचा. कौलं खालून वर लावत नेतात, तशी पिसं शेपटीकडून मानेकडे भरत यायची. म्हणजे वरचं पीस खालच्यावर झाकण घालतं. चोच आणि डोळा शेवटी. डोळ्यातला पांढरा ठिपका दोन-चार टाक्यांचाच असतो, पण तो अर्धा मिलिमीटर हलला की पक्षी तिरळा दिसतो.

संगणकात आपोआप पंचिंग करणारी सोयही असते. ती चित्रातले रंग ओळखते आणि प्रत्येक ठिगळ एका दिशेनं भरून टाकते. वाघाचे पट्टे त्यात बरे निघतात. पण गालावरचे केस कुठून कुठे वळतात हे तिला सांगावंच लागतं. त्यासाठी वाघाकडे, निदान त्याच्या चांगल्या छायाचित्राकडे, तासभर बघत बसावं लागतं.

आणि इथेच या धंद्यातली एक गोम आहे. जॉबवर्कची मजुरी बहुतेक ठिकाणी हजार टाक्यांमागे ठरते. टाके जास्त, पैसे जास्त. मग गच्च भरलेल्या डिझाइनला चांगलं म्हणण्याची सवय लागते. ज्या पंचिंगवाल्यानं विचार करून निम्म्या टाक्यांत पक्षी उभा केला, त्याला पैसे निम्मे! हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे आता डिझाइनचा दर वेगळा ठरवतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली.

त्याच बाई वर्षभरानं पुन्हा आल्या. या वेळी साडी मोतिया रंगाची होती. मी छाती भरलीच नाही; कापडाचाच रंग ठेवला आणि कडेनं विरळ धावदोरा घातला. फांदीही अर्धीच काढली. पहिल्या पक्ष्याला साठ हजारांच्या आसपास टाके होते, याला सव्वीस हजार लागले. बाईंनी पदर हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला. मग उलटा करून मागचे दोरे तपासले आणि विचारलं, "धुतल्यावर आटणार नाही ना?"

मी म्हटलं, "आधी तुकड्यावर भरून तीनदा धुतलाय." तो तुकडाही त्या घेऊन गेल्या.