सगळंच 'सलाईन' नसतं

शिरेतून चढणारी बाटली कुठलीही असो, आपल्याकडे तिचं नाव एकच. आत ग्लुकोज असेल नाहीतर रिंगर लॅक्टेट, गावाकडे फोन जातो तो 'सलाईन लावलंय' असाच. वॉर्डात त्यानं काही अडत नाही. किडनी बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र बाटलीत नेमकं काय आहे आणि ते केव्हा, किती जातं, याला फार महत्त्व आहे.

टेबलावरचा रुग्ण भूलतज्ज्ञाला पेचात टाकणारा असतो. त्याला लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे पाणी जास्त झालं तर ते थेट फुफ्फुसात साठायला लागतं. पण आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं असलं तर शरीर कोरडंही पडलेलं असतं, आणि भूल चढली की बीपी धाडकन खाली येतं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं हृदयाचा स्नायू जाड झालेला. एका हातात डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला, म्हणजे त्या हाताला ना सुई, ना बीपीचा पट्टा.

निरोगी किडन्यांचा थाट मोठा असतो. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, त्या दोघी घेतात. बीपी थोडं वरखाली झालं तरी आतल्या रक्तवाहिन्या आकसून-सैलावून त्या हा पुरवठा कायम राखतात. दात्याच्या शरीरातून काढून बर्फात ठेवलेल्या किडनीची ही कला हरवलेली असते. नसा तुटलेल्या, पेशी उपाशी. बीपी जेवढं, तेवढंच रक्त तिला मिळतं.

म्हणून खरी कसोटी क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी तात्पुरती अडवणारा चिमटा, सुटतानाची. जुन्या किडन्या बहुतेकदा जागच्या जागी राहतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवून तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. क्लॅम्प निघाला की रिकामी किडनी रक्त ओढून घेते, त्याच वेळी किडनीतून आणि अडवलेल्या पायातून आम्ल व पोटॅशियम मुख्य प्रवाहात येतं, आणि बीपी कोसळू शकतं. सर्जन शेवटचे टाके घालत असतानाच भूलतज्ज्ञ द्रव देऊन सरासरी रक्तदाब चढवत आणतो. पुष्कळ ठिकाणी तो 80-90च्या वर ठेवतात. किती द्रव पुरेसा, हे पूर्वी मानेच्या शिरेतल्या नळीवरच्या दाबावरून ठरे. तो आकडा किती फसवा आहे हे आता कळलंय. नाडीच्या लाटेची उंची श्वासागणिक किती बदलते यावर अनेकांचा अधिक भर असतो. पाणी भरूनही बीपी उठत नसेल तर नॉरअ‍ॅड्रेनालिन. डोपामिनच्या बारीक डोसानं किडनीचं रक्षण होतं, ही जुनी श्रद्धा मात्र अभ्यासांत टिकली नाही.

आता बाटलीकडे वळू. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम घातक, रिंगर लॅक्टेटमध्ये लिटरला 4 एकक पोटॅशियम, म्हणून ते नको. त्यापेक्षा 'नॉर्मल सलाईन' बरं. कित्येक वर्षं हा हिशेब चालला. दिसायला चोख, पण त्यात चूक होती. रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साडेपाच असेल तर 4चा द्रव ते वाढवणार कसा? उलट सलाईनमध्ये क्लोराइड 154, रक्तात मात्र शंभराच्या आसपास. जास्तीच्या क्लोराइडनं रक्त आम्लधर्मी होतं आणि आम्लता पेशींमधलं पोटॅशियम बाहेर काढते. ज्याची भीती, तेच दार उघडून आत घेतल्यासारखं!

2005मध्ये 51 रुग्णांवरच्या एका तुलनेत हे लख्ख दिसलं. सलाईनच्या गटात पाच जणांचं पोटॅशियम 6च्या वर गेलं, रिंगर लॅक्टेटच्या गटात एकाचंही नाही. मग 2023मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला मोठा अभ्यास आला. मृत दात्याची किडनी मिळालेले 808 रुग्ण. निम्म्यांना सलाईन, निम्म्यांना रक्ताशी मिळतंजुळतं प्लाझ्मालाइट. पहिल्या आठवड्यात डायलिसिसची गरज सलाईनवाल्यांत 40 टक्क्यांना पडली, दुसऱ्या गटात 30 टक्क्यांना. महागडं नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, नुसती बाटली बदलली. मला विचाराल तर 'नॉर्मल' हा शब्द त्या लेबलवरून केव्हाच पुसायला हवा होता.

तरीही 30 टक्के उरतातच, आणि त्यांचं डायलिसिस बहुधा त्याच फिस्टुलातून होतं. ऑपरेशनमध्ये बीपी फार वेळ पडून राहिलं तर तोही गोठून बंद पडू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ अधूनमधून त्या हातावर बोट ठेवून थरथर लागते का पाहतो. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर रोज एकदा तुम्हीही ती थरथर पाहा. आणि त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायला कुणी आलं, तर डॉक्टर असोत की सिस्टर, न संकोचता दुसरा हात पुढे करायला सांगा.