दप्तर हलविताना

आमच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे आणि तिच्यात लाल खारव्यात बांधलेले चार रुमाल आहेत. बडोद्यास, इंदुरास अथवा ग्वाल्हेरीस ज्यांचे पूर्वज चाकरीच्या निमित्ताने आले आणि तेथलेच झाले, अशा वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ही पेटी थोड्याफार फरकाने असणारच. आमच्या रुमालांत पणजोबांची मोडीतली पत्रे आहेत, आजोबांची कार्डे आहेत आणि जमाखर्चाचे काही कागद उगाचच राहून गेले आहेत. दांडिया बाजारातले भाड्याचे घर सोडून आम्ही सध्याच्या घरी आलो, तेव्हा पेटी हातगाडीवर घातली आणि आणली. गाठी जशाच्या तशा होत्या. पत्रे आली की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

पाचवा रुमाल मात्र संगणकात होता, आणि त्याने आम्हांस तीन आठवडे झोप येऊ दिली नाही.

आमचे थोरले बंधू अमेरिकेत स्थायिक झाले आणि २०१७ साली तिकडेच वारले. २००५ पासून अखेरपर्यंत ते आम्हांस ई-मेलने लिहीत असत. पहिली काही वर्षे त्यांचे मराठी रोमन लिपीत असे, त्यामुळे 'वाडा' विकला की 'वडा' विकला, हे पुढच्या वाक्यावरून ताडावे लागे. आमच्या घराण्याच्या छापील वंशावळीत पुरुषांची नावे तेवढी आहेत. घरात आलेल्या सुनांची माहेरची नावे, गावे, कोणाची कोण कोठे दिली, हे सारे आजीच्या तोंडून ऐकलेले एकट्या दादांना ठाऊक होते. आम्ही एकेक प्रश्न विचारावा आणि त्यांनी सवडीने उत्तर द्यावे, असे ते चालले होते. प्रश्न 'पाठविलेल्या' पत्रांत आणि उत्तरे 'आलेल्या' पत्रांत. कागदावर त्यातले काहीच नाही.

विंडोज १० या प्रणालीस कंपनीकडून मिळणारे नेहमीचे संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आमच्या २०१४ सालच्या यंत्रात विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप नव्हती, तेव्हा नवा संगणक घेणे प्राप्त झाले. दुकानदाराने "बधुं आवी जशे" असे गुजरातीत आश्वासन दिले आणि त्याप्रमाणे छायाचित्रे आली, कागदपत्रे आली, विजेची बिलेही आली. पत्रे तेवढी २०१९ नंतरचीच दिसू लागली.

त्याचे कारण जुने आहे. पूर्वी मोफत मिळणाऱ्या टपालपेट्या दोन-चार मेगाबाइटच्या असत. २००४ साली जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली, तेव्हा दिवस १ एप्रिलचा असल्यामुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. आमच्या खात्याची जागा अशीच तोकडी असल्याने आम्ही 'पॉप' पद्धतीने पत्रे घरच्या संगणकावर उतरवून घेत असू आणि उतरताच ती सर्व्हरवरून पुसली जात. २०१९ साली जागा वाढवून मिळाली आणि पत्रे तिकडेही राहू लागली. नव्या संगणकावर दुकानातल्या मुलाने खाते जोडले ते 'आयमॅप' पद्धतीने. या पद्धतीत पत्रे मूळ सर्व्हरवर राहतात आणि आपला संगणक व फोन ती नुसती दाखवितात. सर्व्हरवर जे नाही, ते दिसणार कोठून? दादांची पत्रे जगात एकाच ठिकाणी होती. जुने यंत्र मोडीत द्यायचे तेवढे राहिले होते, ते केवळ भावाच्या घासाघिशीमुळे.

सुटीसाठी आलेल्या आमच्या भाचीने सूत्रे हाती घेतली. पत्रांसाठी आम्ही थंडरबर्ड वापरतो. त्याची सारी पत्रे, पत्ते आणि मांडणी 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये असते आणि तो फोल्डर विंडोज सहसा लपवून ठेवते, म्हणून 'डॉक्युमेंट्स' उचलणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. थंडरबर्डच्या मदतीच्या यादीत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, तेथून तो उघडता येतो. (आउटलुक वापरणाऱ्यांनी पीएसटी नावाची फाइल शोधावी, पॉपने उतरविलेली पत्रे बहुधा तीत असतात.) दोन्ही संगणकांवर थंडरबर्ड बंद करून तो फोल्डर सबंध उचलावयाचा, त्यातले आपल्याला निरुपयोगी वाटणारे काही न वगळता. त्यात पॉपस्टेट नावाची एक इवलीशी फाइल असते. कोणती पत्रे आधीच उतरविली, याची ती नोंदवही होय. ती मागे राहिली, तर सर्व्हरवर असलेली सगळी पत्रे पुन्हा उतरतात आणि प्रत्येकाची जोडी तयार होते.

आमचे घोडे पेन ड्राइव्हवर अडले. थंडरबर्ड साधारणतः एका फोल्डरमधली सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलीत ठेवते. आमच्या 'इनबॉक्स'ची फाइल पाच गिगाबाइटांची होती आणि फॅट३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावतच नाही. भाचीने दुसरा पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने नव्याने आखून घेतला, तेव्हा ती उतरली. नव्याने आखताना त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. त्या पाच गिगाबाइटांत निम्म्याहून अधिक जाहिराती होत्या, आणि त्याही आम्ही पूर्वीच 'काढून टाकलेल्या'! 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिल्याखेरीज काढलेली पत्रे फाइलीतून खरोखर जात नाहीत. तथापि ती सफाई आम्ही नंतर केली. आधी नक्कल, मग झाडू.

नव्या यंत्रावर प्रोफाइल उघडले आणि पत्रे आली. पण आता घर फार भरले होते. दोन 'इनबॉक्स', आणि पाठविलेल्या पत्रांचे तर चार फोल्डर: 'सेंट', पुन्हा 'सेंट', 'सेंट आयटम्स' आणि 'सेंट मेल'. यांतले सगळेच काही नकली नसतात, आणि घोटाळा होतो तो येथेच. एक 'सेंट' जुन्या पॉप खात्याचा, म्हणजे आमच्याच संगणकावरचा, दुसरा सर्व्हरवरचा. उरलेले दोन फोन आणि आउटलुक यांनी आपापल्या परिभाषेत निर्माण केलेले, कारण पाठविलेल्या पत्रांच्या फोल्डरला काय म्हणावे, यावर या मंडळींचे कधी एकमत नव्हते. कोणता फोल्डर कोणत्या कामाचा, हे सर्व्हरने खुणेने सांगावे, असा संकेत २०११ साली ठरला. परंतु जुनी खाती जुन्याच वळणाने चालतात.

"मामा, हा पॉपचा सेंट तर रिकामाच आहे. उडवू का?" भाचीने विचारले.

आकडा खरोखरच शून्य होता. आम्ही 'थांब' म्हणालो, ते शहाणपणाने नव्हे. रिकामी डबीसुद्धा टाकवत नाही, या घरच्या वळणामुळे. तिने त्या फोल्डरचे 'प्रॉपर्टीज' उघडून पाहिले. पत्रे शून्य, आणि डिस्कवर व्यापलेली जागा तीनशे मेगाबाइटांच्या वर!

जुन्या कचेऱ्यांत बारनिशी असे. पत्र आले-गेले की त्याची नोंद तीत व्हायची. थंडरबर्डही प्रत्येक फोल्डरची अशी बारनिशी एमएसएफ नावाच्या छोट्या फाइलीत राखते आणि पडद्यावर आपल्याला दिसते ती या नोंदींची यादी. स्थलांतरात ती नोंदवही बिघडली होती. पत्रांची फाइल शाबूत होती. 'रिपेअर फोल्डर' ही कळ दाबली, तेव्हा थंडरबर्डने मूळ फाइल वाचून नवी नोंदवही लिहिली. यादी वर चढत गेली: २००५, २००६, २००७. पणजीचे माहेर कोणते, हे आम्ही विचारलेले पत्र वर आले, तेव्हा भाची काही बोलली नाही, आम्हीही नाही. तिचे बोट मात्र त्या 'उडवा'च्या कळेपासून दूर गेले होते.

पुढची आवराआवर सावकाश झाली. सर्व फोल्डरांची आणखी एक नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली. मग स्वतःलाच एक पत्र संगणकावरून व एक फोनवरून पाठवून ते कोणत्या फोल्डरमध्ये पडते, ते पाहिले. दोघांनाही सर्व्हरवरचा एकच 'सेंट' नेमून दिला. थंडरबर्डमध्ये ही नेमणूक खात्याच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स' या पानावर होते. 'सेंट आयटम्स' आणि 'सेंट मेल' यांतली पत्रे दोन-दोनशेंच्या गठ्ठ्याने त्यात हलविली आणि दर खेपेस आकडे मोजले. रिकामे झालेले फोल्डर तेवढे मग काढले. पॉपच्या जुन्या फोल्डरांना हात लावला नाही; 'लोकल फोल्डर्स'खाली 'दादा' नावाचा फोल्डर करून त्यांची पत्रे तेथे नकलून ठेवली. सर्व्हरवरचा फोल्डर येथे काढला की तो फोनवरूनही जातो, याची जाणीव भाचीने आम्हांस चार वेळा करून दिली. जीमेलवाल्यांनी तर अधिकच जपावे. तेथे एकच पत्र 'इनबॉक्स'मध्ये आणि 'ऑल मेल'मध्ये दिसते. ती दोन पत्रे नव्हेत, एकाच पत्राच्या दोन चिठ्ठ्या होत. त्यातले एक जास्तीचे समजून 'ट्रॅश'मध्ये टाकले, की पत्रच जाते.

खरोखर दोनदा उतरलेली पत्रे नव्वदएक निघाली. प्रत्येक ई-पत्राच्या माथ्यावर सहसा न दिसणारा 'मेसेज-आयडी' असतो. तो दोहोंत सारखा असला आणि मजकूर व जोडपत्रेही जुळली, तरच आम्ही एक प्रत काढली.

दादांच्या पत्रांतून आतापर्यंत सतरा सुनांची माहेरे वंशावळीत भरून झाली आहेत. भाचीने ती सारी पत्रे छापूनही दिली आहेत, आणि पाचवा रुमाल आता खारव्यात बांधून पेटीत ठेवला आहे. जुन्या यंत्राचे बाराशे रुपये देऊ करणाऱ्या दुकानदाराचा मध्ये दोनदा फोन येऊन गेला. त्याला आम्ही दिवाळीनंतर बोलाविले आहे.