शर्करात्याग आणि शरीराचे वजन

साखर सोडली की वजन उतरते, ही समजूत आज सुशिक्षित समाजात चांगलीच रुजली आहे. अनेक जण तसा नियम करतात. प्रथम काही दिवस वजन भराभर उतरते, पुढे त्याची गती मंदावते आणि काही महिन्यांनी ते पूर्वपदावर आलेले आढळते. अशा वेळी दोन परस्परविरोधी मते ऐकू येतात. साखर हे एक प्रकारचे विषच असून ते संपूर्णपणे वर्ज्य केल्याखेरीज गुण येणार नाही, असे एक पक्ष म्हणतो. उष्मांक कोणत्याही पदार्थातून आले तरी सारखेच, तेव्हा साखरेला वेगळा दोष देण्याचे कारण नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. ह्या दोन्ही मतांत सत्याचा काही अंश आहे. परंतु दोहोंतही एकाच प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले आहे. तो प्रश्न म्हणजे, साखर आहारातून गेली तर तिच्या जागी काय आले? उपलब्ध प्रयोगांचा अर्थ ह्याच प्रश्नाच्या आधारे नीट लागतो.

‘साखर’ ह्या शब्दाची व्याप्ती

व्यवहारात साखर म्हणजे डब्यातील पांढरी दाणेदार साखर. रसायनशास्त्रदृष्ट्या ती इक्षुशर्करा होय. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्या दोन साध्या शर्करांचा एकेक घटक जोडलेला असतो व पचनक्रियेत हे दोन घटक विलग होतात. आहारशास्त्रात मात्र ‘मुक्त शर्करा’ अशी अधिक व्यापक संज्ञा वापरली जाते. अन्न तयार करताना घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचे रस ह्यांतील शर्करा तीत मोडते. अखंड फळातील आणि दुधातील शर्करा तीत मोडत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. साखर सोडून गुळाचा चहा घेणारा किंवा सरबताऐवजी उसाचा रस पिणारा मनुष्य मुक्त शर्करा सोडीत नाही, तिचे रूप तेवढे बदलतो. गुळात काही खनिजे असतात व त्याचे उष्मांक साखरेपेक्षा काहीसे कमी भरतात, हे खरे. पण त्याचा मुख्य घटक इक्षुशर्कराच आहे. प्राचीन वैद्यकालाही ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना सुखासीनता, अतिनिद्रा, दही, दूध व नवे धान्य ह्यांच्या बरोबरीने गुळाच्या पदार्थांचाही निर्देश केलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेपैकी मुक्त शर्करेपासून मिळणारा भाग 10 टक्क्यांहून कमी असावा, आणि तो 5 टक्क्यांच्या खाली आणल्यास अधिक लाभ संभवतो. प्रतिदिन 2,000 उष्मांक घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ह्या मर्यादा अनुक्रमे 50 ग्रॅम व 25 ग्रॅम होतात. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, साखर असा हिशेब धरला, तर केवळ चहातूनच 40 ग्रॅम साखर पोटात जाते.

हिशेब आणि प्रत्यक्ष

ह्या 40 ग्रॅम साखरेचे उष्मांक 160 होतात. एक किलोग्रॅम शरीरमेद म्हणजे सुमारे 7,700 उष्मांक, असा स्थूल नियम प्रचलित आहे. त्यानुसार बिनसाखरेचा चहा घेणाऱ्याचे वजन वर्षभरात साडेसात किलोग्रॅमने उतरावयास हवे, दुसऱ्या वर्षी आणखी तितकेच, आणि असेच पुढे अखंड. हा निष्कर्ष उघडच असंभाव्य आहे. वजन उतरू लागले की शरीराचा ऊर्जाव्ययही उतरू लागतो, ही गोष्ट ह्या नियमात धरलेलीच नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अधिक वास्तव असे गणित मांडले. आहारात प्रतिदिन सुमारे 24 उष्मांकांची कायम घट झाली, तर अखेरीस सुमारे एक किलोग्रॅम वजन कमी होते. त्यातील अर्धी घट पहिल्या वर्षात होते, आणि ती जवळजवळ पूर्ण होण्यास तीन वर्षे लागतात. ह्या गणिताने 160 उष्मांकांची घट अखेरीस साडेसहा किलोग्रॅमच्या आसपास आणि पहिल्या वर्षी सुमारे सव्वातीन किलोग्रॅम भरते. अर्थात, सोडलेल्या साखरेच्या जागी दुसरे काहीही पोटात जात नाही, हे येथे गृहीत आहे.

प्रत्यक्षात हे गृहीत क्वचितच टिकते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या लिसा टे मोरेंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला प्रयोगांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्रयोगांत प्रौढांना शर्करा कमी करण्यास सांगून बाकीचा आहार त्यांच्या इच्छेवर सोडलेला होता, त्यांत वजन सरासरी 0.80 किलोग्रॅमने उतरले. शर्करा वाढविली असता ते 0.75 किलोग्रॅमने वाढले. परंतु ज्या प्रयोगांत साखर काढून तितक्याच उष्मांकांची अन्य कर्बोदके दिली गेली, त्यांत वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रिचर्ड सर्विट ह्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्याला पूरक आहे. स्थूल अशा 42 स्त्रियांना सहा आठवडे सुमारे 1,100 उष्मांकांचा आहार देण्यात आला. एका गटाच्या आहारातील 43 टक्के ऊर्जा इक्षुशर्करेपासून, तर दुसऱ्या गटाच्या आहारातील केवळ 4 टक्के ऊर्जा तिच्यापासून येत होती. दोन्ही गटांचे वजन सारख्याच प्रमाणात उतरले. ह्यावरून साखर भरपूर खावी असा अर्थ कोणी काढू नये. वजन उतरण्याचे कारण ऊर्जेतील घट हे आहे आणि साखर सोडणे हे त्या घटीचे एक साधन आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

साधन निष्फळ का ठरते, हेही आता स्पष्ट होईल. चहातील साखर गेली, पण त्याबरोबर दोन खाऱ्या अधिक आल्या. जेवणानंतरचा गोड पदार्थ गेला, पण भात वाढला. उपवासाला गोड शिरा टाळला, पण साबुदाण्याची खिचडी पोटभर झाली. अशा प्रत्येक वेळी साखरेचे उष्मांक पिष्ट व स्निग्ध पदार्थांच्या रूपाने परत येतात. पहिल्या आठवड्यातील झपाट्याची घटही फसवी असते. यकृत व स्नायू ह्यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साचलेले असते. आहारातील एकूण कर्बोदके घटली की हा साठा उतरतो व पाणी बाहेर पडते. मेद मात्र तितक्या वेगाने घटत नाही.

द्रवरूप साखरेचे वैशिष्ट्य

असे असले, तरी सर्व उष्मांक भुकेच्या दृष्टीने सारखे नाहीत. पर्ड्यू विद्यापीठातील डीमेग्लिओ आणि मॅट्स ह्यांनी 2000 साली पंधरा व्यक्तींवर केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. प्रत्येक व्यक्तीने चार आठवडे प्रतिदिन 450 उष्मांकांच्या गोळ्या खाल्ल्या आणि निराळ्या चार आठवड्यांत तितक्याच उष्मांकांचे गोड पेय घेतले. गोळ्या खाताना त्यांचे इतर अन्न आपोआप तेवढे कमी झाले. पेय घेताना मात्र तसे झाले नाही, आणि वजन वाढले.

नेदरलँड्समध्ये 641 मुलांवर अठरा महिने झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज 250 मिलिलिटर पेयातून 104 उष्मांकांची साखर घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी 7.37 किलोग्रॅमने वाढले, तर तशाच दिसणाऱ्या बिनसाखरेच्या पेयाच्या गटात ही वाढ 6.35 किलोग्रॅम होती. कोणत्या मुलाला कोणते पेय मिळते हे मुलांना वा संशोधकांना ठाऊक नव्हते, ही ह्या प्रयोगाची विशेष जमेची बाजू. आहारविषयक प्रयोगांत अशी गुप्तता राखणे बहुधा अशक्य असते. पेयातील साखर सोडणे हा वजनाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी शर्करात्याग का, ह्याचे उत्तर ह्या दोन प्रयोगांतून मिळते. तिची उणीव शरीर अन्य अन्नाने पुरेपूर भरून काढीत नाही.

वजनाच्या पलीकडे

वजनाचा काटा हे आरोग्याचे एकमेव मापन नव्हे. फ्रुक्टोजचा चयापचय मुख्यत्वे यकृतात होतो. ग्लुकोजच्या विघटनमार्गावर पेशीतील ऊर्जेच्या स्थितीनुसार उघडझाप करणारा एक नियंत्रक टप्पा असतो. फ्रुक्टोज हा टप्पा टाळून पुढे प्रवेश करते. त्यामुळे ते मोठ्या प्रमाणात व वेगाने आले असता यकृतात त्यापासून मेद तयार होण्यास वाव मिळतो. यकृतात मेदसंचय झालेल्या 40 किशोरवयीन मुलांवर अमेरिकेत झालेला आठ आठवड्यांचा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाच्या आहारातील मुक्त शर्करा 3 टक्क्यांच्या खाली आणली होती, त्या गटात यकृतातील मेदाचे सरासरी प्रमाण 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आले. नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ते 21 वरून केवळ 20 टक्क्यांवर आले. प्रयोग लहान व अल्पकालीन आहे. तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे.

दातांच्या बाबतीत पुरावा अधिक जुना आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे 1945 ते 1953 ह्या काळात झालेल्या प्रयोगांत, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट मिठाईमुळे दात सर्वाधिक किडतात, असे दिसून आले. हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून केले गेले. निष्कर्ष उपयुक्त ठरला म्हणून त्या कृत्याचा दोष कमी होत नाही.

बालपणीच्या साखरेचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, ह्याचे एक नैसर्गिक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. दुसऱ्या महायुद्धात तेथे सुरू झालेले साखरेचे नियंत्रित वाटप सप्टेंबर 1953 मध्ये संपले आणि दरडोई सेवन लवकरच जवळजवळ दुप्पट झाले. ह्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे 60 हजार व्यक्तींच्या आरोग्याची तुलना 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेत व पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला नियंत्रित साखर आली, त्यांना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळला.

वादाला कारण

इतका पुरावा असता हा विषय दीर्घकाळ वादग्रस्त का राहिला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन ह्यांनी 1972 मध्ये ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ हा ग्रंथ लिहून साखरेच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले, परंतु तत्कालीन शास्त्रज्ञांत त्यांची उपेक्षाच झाली. पुढे 2016 मध्ये जुन्या पत्रव्यवहाराच्या आधारे असे उघडकीस आले की, हृदयविकाराच्या संदर्भात साखरेचा दोष सौम्य करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा, 1967 मधील एक महत्त्वाचा आढावालेख अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे देऊन लिहवून घेतला होता, आणि त्या लेखात ह्या अर्थसाहाय्याचा उल्लेख नव्हता. ह्यावरून युडकिन ह्यांचे प्रत्येक विधान बरोबर ठरते असे नाही. मात्र संशोधनाचा खर्च कोणी केला हे जाणून घेणे हा संशोधन वाचण्याच्या पद्धतीचाच एक भाग आहे, हे त्यावरून शिकता येते.

निष्कर्ष आणि व्यवहार

वरील विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, त्याग पेयांपासून सुरू करावा. चहा, सरबते, रस आणि बाटलीबंद पेये ह्यांतील साखर कमी करण्याचे फळ सर्वांत निश्चित आहे. दुसरी, गूळ, मध किंवा काकवी ही साखरेची पर्यायी रूपे आहेत, तिचा त्याग नव्हे. तिसरी, कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थांवर वजन उतरविण्यासाठी विसंबू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. चौथी, इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णाने आहारातील शर्करा एकदम कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा व्यक्तीने वैद्याच्या सल्ल्याने औषधाची मात्रा बदलूनच हा प्रयोग करावा.

सणावाराची पुरणपोळी किंवा श्रीखंड हा ह्या प्रश्नाचा गाभा नव्हे. वर्षातून मोजक्या वेळा केलेल्या गोडापेक्षा रोजच्या, नकळत होणाऱ्या सेवनाचा वाटा कितीतरी मोठा असतो. साखर सोडणाऱ्याने आपण काय सोडले ह्याबरोबरच त्या जागी काय घेतले, ह्याचीही नोंद ठेवावी. पहिल्या वर्षी दोन-तीन किलोग्रॅमची घट झाली, तर ती अपयश न मानता शरीरशास्त्राच्या नियमाला धरून झालेली घट मानावी. वजन फारसे न उतरले तरी दातांचे आणि यकृताचे हित साधले जाते, आणि तेवढ्यासाठीही हा नियम पाळण्यास योग्य आहे.